वीस नंबरचा मजूर

जळगावच्या एका डाळमिल मालकाच्या होणाऱ्या व्याह्याला मी त्याच मिलमध्ये मजूर म्हणून लावलं. सरकारी कागदावर लावलं. चुकून लावलं हे खरं, पण ती चूक मला तासाभरात कळली होती आणि ती कबूल करायला मला सात वर्षं लागली, हेही तितकंच खरं. संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले तेव्हा घरच्यांनी एकमतानं हाच सुचवला. घरी मी तो सांगतो तेव्हा सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. माझं हसू जरा आधी थांबतं, एवढाच फरक. नोकरीची अजून काही वर्षं शिल्लक आहेत, तेव्हा हा अंक आमच्या वरिष्ठांच्या हाती पडला तर काय, असंही एकदा मनात आलं. पडू दे.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे चूक केवढी होती ते कळेल. मी भविष्य निर्वाह निधीचा इन्स्पेक्टर. लोकांच्या भाषेत 'फंडवाला'. जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे, एक कातडी बॅग आणि एसटीचा पास एवढं माझं राज्य होतं. कायदा साधा आहे. ज्या कारखान्यात वीस माणसं कामाला आहेत, त्याच्या मालकानं दर महिन्याला मजुराच्या पगारातून थोडा वाटा कापायचा, तेवढाच स्वतःचा घालायचा आणि फंडात भरायचा. त्यातून मजुराला म्हातारपणी चार पैसे मिळतात आणि तो मधेच गेला तर त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन मिळते. मालकानं भरलं नाही तर थकबाकी वसूल होते, वर दंड बसतो, आणि उशीर जितका लांबेल तितका दंड वाढतो. शिवाय मागच्या महिन्यांचा मजुराचा वाटा मालकाला नंतर मजुराकडून कापून घेता येत नाही. तोही त्यानंच सोसायचा. आणि कायदा एकदा लागू झाला की झाला. पुढे माणसं पाचावर आली तरी तो उठत नाही.

आता वीसला कायदा लागतो म्हटल्यावर खान्देशात एकोणीस हा आकडा किती लोकप्रिय असेल याची कल्पना करा. मी नोकरीला लागलो तेव्हा दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकही कारखाना मला वीस माणसांचा सापडेना. सगळीकडे एकोणीस. सहा चक्क्या असोत की दोन, माणसं एकोणीस. एका मालकाला मी विचारलं, गेल्या वर्षी एवढी मोठी शेड बांधली, तरी माणसं तेवढीच कशी? तो म्हणाला, साहेब, शेड हवेसाठी आहे.

एकोणिसाच्या वरची माणसं लपवायची. धुळ्याच्या एका तेलाच्या गिरणीत माझी चाहूल लागताच सहा जण सरकीच्या ढिगात शिरले. सरकीला बारीक तूस असतं. मी ढिगाशेजारी उभा राहून मालकाशी बोलत होतो, तेवढ्यात ढीग शिंकला. मालक म्हणाले, उंदीर फार झालेत. ढीग दुसऱ्यांदा शिंकला, मग तिसऱ्यांदा, आणि मग लागणच झाली. मी खुर्ची मागवली, ढिगासमोर बसलो आणि एकेक शिंक बाहेर येईल तशी तिचं नाव, वडिलांचं नाव, गाव लिहून घेतलं. सावद्याला एक केळीच्या वेफर्सचा कारखाना होता. तिथल्या मालकानं मला लांबून बघितलं आणि सगळी माणसं मागच्या दारानं केळीच्या बागेत पाठवली. सगळी म्हणजे सगळीच. घाईत त्याला एकोणीस ठेवायचेही सुचले नाहीत. मी पोचलो तर पाच कढया उकळताहेत आणि मालक एकटा झारा घेऊन एकीकडून दुसरीकडे पळतोय. तासभर मी तिथे बसलो. तासाभरानं त्यानंच हात जोडले आणि माणसांना हाका मारल्या, कारण काळे वेफर्स कोणी घेत नाही.

अशा लपंडावात माणूस हुशार होतो, आणि हुशार झाला की त्याला आपल्या हुशारीचा माज चढतो. माझी एक रीत तयार झाली होती. कोण मजूर, कोण पाहुणा, कोण गिऱ्हाईक हे मी विचारतच नसे. मी हात बघायचो. बंडी घातलेला माणूस 'मी गिऱ्हाईक' म्हणाला तरी त्याचे हात खरं सांगतात. ज्याचे हात चालू, तो मजूर. ऑफिसात नवीन पोरांना मी हे शिकवायचो. ऐकताना ती मान हलवायची आणि मला फार बरं वाटायचं.

आता डाळमिलकडे येतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मालकांचं नाव प्रल्हाद, पण सगळे त्यांना नाना म्हणत. रावेरकडचं केळी-कापसाचं शेतकरी घर. जळगावला येऊन त्यांनी तुरीच्या डाळीची मिल टाकली होती आणि ती दहाएक वर्षं चालली होती. त्यांच्याकडे एकोणीस माणसं होती. आणि हे मला फार उशिरा कळलं, त्यांच्याकडे खरोखरच एकोणीस माणसं होती. लपवलेला एकही नाही. दोन जिल्ह्यांतला एकुलता एक प्रामाणिक एकोणीस, आणि मी तिथेच वीस मोजले.

पौष महिना होता. त्या दिवसांत आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या असतात, हे खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. हिरवी-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलून लाकडी काठवटीत मुसळीनं ठेचायची, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि केळीच्या पानावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खायची. मिलमध्ये नाना दर वर्षी मजुरांना अशी पार्टी देत. मी नेमका त्याच दिवशी, न कळवता, तपासणीला गेलो. आवारात धूर, सगळ्यांची तोंडं काळी, कोण मजूर आणि कोण मालक ओळखायची सोय नाही. मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, हात बघू.

चक्कीवर, चाळणीवर, पोत्यांवर, अंगणात, जे हात चालू होते ते मी मोजले. एकोणीस झाले. आणि मग कोपऱ्यात मला विसावी जोडी दिसली. पन्नाशीचा एक आडदांड माणूस धोतर खोचून, बाह्या सारून काठवटीसमोर बसला होता आणि असा ठेचत होता की जमीन हलत होती. कपाळावरून घाम, मिशीला वांग्याची साल. असे हात मी आयुष्यात पाहिले नव्हते. मी वही काढली.

"काय काम करता?" मी विचारलं.

त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "दखाय नही का भाऊ? सकायपासून हात थांबना नही."

दिसत नाही का, सकाळपासून हात थांबला नाही. मला आणखी काय हवं होतं? कामाला कधीपासून, म्हटलं, तर आजपासूनच. कोणी ठेवलं, तर नानांनी. रोज किती ठरला, तर अजून ठरायचाय. हे सगळं त्यानं इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की मी खूश झालो. लपणारी माणसं खूप पाहिली होती. आपण होऊन सांगणारा पहिलाच. शेवटी तो म्हणाला, "लिखी ल्या साहेब. आत्माराम. तालुका साक्री." मी लिहून घेतलं. वीस.

नाना तेव्हा पाहुण्यांच्या मागे पळत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी 'साहेब, भाकरी गार होतेय, आधी पानावर बसा' म्हणत उभ्या उभ्या न वाचता सही केली. तपासणीच्या जागी जेवायचं नाही असा माझा नियम होता. पण भरिताला नियम नसतो. मी बॅग मांडीखाली ठेवून पंगतीत बसलो.

आणि पंगतीत मला कळलं. माझा वीस नंबरचा मजूर हात धुऊन, फेटा बांधून, नानांच्या शेजारच्या पाटावर बसला. नाना स्वतः त्याला वाढत होते. नानांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, त्या पदर सावरून आणखी एक भाकरी घ्या म्हणून आग्रह करत होत्या. शेजारच्या हमालाला मी हळूच विचारलं, हे कोण? तो म्हणाला, आत्माराम आबा. साक्रीकडचे मोठे शेतकरी. नानांच्या मंगलला बघायला आलेत, त्यांच्या मुलासाठी. मिलच्या माणसाला भरीत ठेचता येत नाही म्हणून त्याला उठवून स्वतः बसले.

मुलाचे वडील. मुलगी बघायला आलेले. आणि मी त्यांना रोजंदारीवर लावून, त्यावर मुलीच्या बापाची सही घेऊन, तो कागद मांडीखाली ठेवून बसलो होतो. आबांनी माझी थट्टा केली होती, हेही तेव्हाच समजलं, कारण ते माझ्याकडे बघून मिशीत हसत होते. त्यांना वाटलं असणार, साहेबालाही गंमत कळलीय.

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते कोणीही सांगेल. बॅग उघडायची, कागद काढायचा, नाव खोडायचं, चार लोक हसले असते, त्यांना हसू द्यायचं. मी ते केलं नाही. आधी वाटलं, आत्ता सांगितलं तर आबांचा अपमान होईल, सोयरीक मोडेल. मग वाटलं, उद्या ऑफिसात करू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात महिन्याची बैठक होती. आमच्या साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, या महिन्यात किती नवीन कारखान्यांना कायदा लागू केला? माझ्या आधीच्यानं तीन सांगितले. माझ्याकडे त्या महिन्यात एकही नव्हता. माझ्या तोंडून निघालं, "एक."

तेव्हा सोयरिकीची काळजी वगैरे सगळी पंगतीतली होती. बैठकीत फक्त मी होतो.

महिनाभरानं नानांना कायदा लागू झाल्याचं, कोड नंबरचं पत्र गेलं. ते घेऊन ते माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. साहेब, माझ्याकडे एकोणीसच आहेत, विसावा कोण? मी म्हटलं, तुमच्या सहीची प्रत मुनीमजींकडे असेल, बघून घ्या. त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं टाळून मी पेपरवेट फिरवत होतो. त्यांनी प्रत काढली, वाचली आणि पुन्हा आले. या वेळी त्यांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, साहेब, हे तर आमचे व्याही. दरम्यान मंगलचं लग्न ठरलं होतं.

मी त्यांना रीतसर मार्ग सांगितला. सुनावणी मागा. संबंधित माणसाला हजर करा. मी या मिलचा मजूर नाही, असं त्यानं आमच्या साहेबांसमोर सांगितलं की नाव निघेल. 'माझी चूक झाली, मीच लिहून देतो' हे वाक्य मी मनात तयार केलं होतं. ते मनातच राहिलं.

नानांनी सहीची प्रत घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मुलाच्या बापाला मी कचेरीत उभं करू? आणि काय म्हणायला लावू, की मी याचा हमाल नाही? साहेब, लग्नाच्या पत्रिका छापायला गेल्यात. मी दंड भरीन, पण हे होणार नाही."

आणि त्यांनी ते खरंच केलं. सुरुवातीला त्यांना वाटलं, लग्न पार पडलं की काहीतरी मार्ग काढू, म्हणून काही महिने भरणा केला नाही. मग लग्नाचा खर्च. मग वर्ष गेलं. मग दंडाची नोटीस निघाली. थकबाकी, दोन्ही वाटे, वर दंड. वसुलीसाठी आमचा माणूस गेला आणि त्यानं मिलचा मोठा वजनकाटा जप्त करून त्याला लाखेचं सील ठोकलं. चार दिवस नाना डाळ शेजारच्या मिलमध्ये नेऊन तोलत होते. पाचव्या दिवशी त्यांनी सगळं भरलं आणि त्यानंतर एकही महिना चुकवला नाही. मी ती फाइल वर पाठवताना 'मालक सहकार्य करीत नाहीत' असा शेरा मारला होता. तो शेरा मला अजून पाठ आहे. त्यात फक्त चार शब्द आहेत.

पुढे एक चांगली गोष्ट घडली आणि तिनं मला आणखी बिघडवलं. दोन वर्षांनी त्या मिलमधला भिका नावाचा हमाल तापानं गेला. कायदा लागू झाला होता म्हणून त्याच्या बायकोला, जिजाबाईला, कुटुंब पेन्शन सुरू झाली. ती मला भेटायला ऑफिसात आली, पदराखालून करंज्यांचा डबा काढला आणि म्हणाली, तुम्ही आलात म्हणून माझी लेकरं जगली. मी म्हटलं, अहो, मी काही नाही केलं. माझ्या आयुष्यातलं इतकं खरं वाक्य कोणी विनय समजून ऐकलं नसेल. दर दिवाळीला तिच्या करंज्या यायला लागल्या. मी त्या खायचो आणि स्वतःला सांगायचो, बघ, तुझ्या चुकीनं एकोणीस घरांचं भलं झालं, मग माफी कसली मागतोस? कितीतरी वर्षं मी त्या बाईच्या पेन्शनआड लपलो. सरकीत लपणारी माणसं निदान शिंकत तरी होती.

आता मुनीमजींबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यांनी केला आणि त्यांचा त्यात काडीचाही दोष नाही. मिलचे मुनीम सदाशिवराव. नाकावर चष्मा, कानावर पेन. त्यांची एकच श्रद्धा होती, जे कागदावर आहे ते आहे. सरकारी कागदावर वीस नावं आहेत म्हटल्यावर त्यांनी हजेरीपटात वीस ओळी आखल्या. एकोणीस नावांपुढे हजर, रजा, आजारी असं काय ते. विसाव्या नावापुढे रोज, अगदी रोज, लाल शाईत 'गैरहजर'. नानांनी सांगून पाहिलं, ते नाव काढून टाका. ते म्हणाले, शेठ, साहेबांच्या कागदावर आहे, मी कोण काढणार? पगार नाही, म्हणून कपात नाही. पण नाव आहे. आमच्या ऑफिसातून दर वर्षी खात्याच्या पावत्या जायच्या. त्यात आत्माराम, तालुका साक्री यांच्या नावाची शून्याची पावतीही न चुकता जायची. नाना ती देव्हाऱ्यामागे लपवून ठेवायचे. व्याही घरी आले की अक्का देव्हाऱ्यासमोर ठाण मांडून बसायच्या. आबा मंगलला म्हणायचे, तुझी आई फार धार्मिक झाली.

माझी नाशिकला बदली झाली. माझ्या जागी नवा इन्स्पेक्टर आला, तरुण आणि कडक. नव्या पेन्शन योजनेसाठी सगळ्या मजुरांची माहिती नव्यानं जमवायची होती, म्हणून तो मिलचा हजेरीपट तपासायला बसला. त्यानं सात वर्षांची लाल शाई पाहिली आणि शेरा लिहिला: कामगार क्रमांक वीस दीर्घकाळ गैरहजर, नियमानुसार कारवाई करावी. नाना त्या आठवड्यात यंत्राचा भाग आणायला इंदूरला गेले होते. सदाशिवरावांनी शेरा वाचला, चष्मा पुसला आणि रजिस्टर पोस्टानं साक्रीला पत्र धाडलं. पत्राची प्रत मी नंतर पाहिली. 'आपण विनापरवानगी सतत गैरहजर आहात. सात दिवसांत कामावर हजर व्हावे, अन्यथा आपणांस कामावरून कमी करण्यात येईल.' खाली मिलचा शिक्का.

सातव्या दिवशी सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, आत्माराम आबा मिलच्या फाटकात उभे होते. साधं धोतर, खांद्यावर उपरणं, हातात भाकरीचं गाठोडं. इंदूरहून परतलेले नाना धावत आले तर आबा म्हणाले, "कागद वना, हजर व्हा म्हनीसन. व्हयनू हजर. आते काम द्या." कागद आला, हजर झालो, आता काम द्या.

नानांना वाटलं थट्टा आहे, म्हणून त्यांनी हसून घरी चला म्हटलं. आबा हसले नाहीत. घरी आले नाहीत, पाणी प्यायले नाहीत. हजेरीपटाकडे गेले आणि सदाशिवरावांना म्हणाले, मांडा. सदाशिवरावांनी कानावरचं पेन काढलं आणि नियमाप्रमाणे, सात वर्षांत प्रथमच विसाव्या नावापुढे 'हजर' लिहिलं. मग आबा चाळणीवर जाऊन उभे राहिले. एकोणीस मजुरांची पंचाईत झाली. मालकाच्या व्याह्याला पोतं उचल म्हणायचं कोणी? ते जिथे जातील तिथली माणसं काम सोडून हात जोडून उभी राहायची. दोन दिवसांत मिल जवळजवळ बंद पडली. आबा मात्र काम करत होते. दुपारी मजुरांच्या पंगतीत भाकरी खायची, रात्री धर्मशाळेत झोपायचं. दंडाची आणि जप्तीची सगळी हकिकत त्यांना त्या पंगतीतच कळली.

आणि नानांच्या धाकट्या मुलाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आबांनी निरोप ठेवला: मजुराला लग्नाचं आमंत्रण नसतं. मी येणार नाही, सूनबाईही येणार नाही. अक्कांनी अन्न सोडलं. थोरल्या मुलीशिवाय आणि व्याह्याशिवाय लग्न म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही.

नानांनी मला नाशिकला फोन केला. साहेब, तुम्ही एकदा येऊन त्यांना समजावून सांगा, की ही सरकारी ऑफिसातली नजरचूक होती. सात वर्षांनंतरही हा माणूस 'नजरचूक' म्हणत होता. मी रजा टाकली.

जाताना एसटीत मी माफीनामा लिहिला. मला माफी मागायची सवय नव्हती आणि भाषा एकच येत होती. वर डाव्या हाताला 'विषय: क्षमायाचनेबाबत'. त्याखाली 'संदर्भ: आपला तपासणी अहवाल'. 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' असं करत करत मी दीड पान लिहिलं. त्यात 'अनवधानाने' हा शब्द तीनदा होता. मी कोण, केव्हा आणि का, यातलं मात्र काही नव्हतं.

मिलमध्ये पोचलो तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. मजूर भिंतीच्या सावलीत जेवत होते. त्यांच्यात आबा. समोर बाकावर नाना, न जेवता. सदाशिवराव हजेरीपट छातीशी धरून उभे. आबांनी मला लगेच ओळखलं. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि माफीनामा वाचायला सुरुवात केली. 'उपरोक्त विषयास' पर्यंत आलो तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यावर हिरवी मिरची ठेवली.

मी म्हटलं, आबा, तुम्हाला मजूर लिहिलं, ही...

ते भाकरी मोडत म्हणाले, "मजूर लिखं त्याना माले राग नही. मना बाप हमालच व्हता." मग त्यांनी नानांकडे बोट केलं. "पण यास्नी दंड भरा आनि सात वरीस माले सांगं नही. याही इतला हलका शे, मजूर म्हटलं तं सोयरीक मोडी, असं समजनात का माले?"

नाना खाली बघत होते. माझ्या लक्षात आलं, की हा माणूस तीन दिवस पोती ओढत होता ते अपमान झाला म्हणून नाही. आपल्याबद्दल आपल्या सोयऱ्यानं इतकं लहान मत धरलं, हे त्यांना लागलं होतं. आणि नानांनी ते मत धरलं, कारण त्यांना कचेरीत व्याही उभा करण्यावाचून दुसरी वाट मी ठेवली नव्हती.

मी तेच सांगायला लागलो. नानांचा दोष नाही, त्यांना दुसरा मार्गच नव्हता. आबा म्हणाले, "व्हता ना मार्ग. मी थट्टा करी, ते तुले जेवताना कळनं व्हतं. मी दखी ऱ्हायंतू तुनाकडे." त्यांनी सात वर्षांपूर्वी मिशीत हसत माझ्याकडे बघितलं होतं, ते उगाच नव्हतं. माझा चेहरा कसा पडला ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं होतं, बिचाऱ्यानं नाव खोडलं असेल.

नानांनी मान वर केली. पहिल्यांदा ते माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघत होते. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

मी आबांसमोर हात जोडले. त्यांनी माझे हात धरून खाली केले. "माफी मांगनी व्हई तं नानानी मांग. मना काय बुडनं?" मागायचीच तर नानांची माग, माझं काय बुडालं? आणि बाजूला सरकून त्यांनी मला बाकाकडे जायला वाट करून दिली.

बाक पाच-सहा पावलांवर होता. एकोणीस मजूर घास हातात धरून बघत होते. मिरचीखालचा कागद मला उचलायचा होता, कारण त्याशिवाय बोलता येईल असं वाटत नव्हतं. मी तो उचलला नाही. नाना बाकावरून उठायला लागले, कारण साहेब आले की उठायचं ही त्यांची सवय. मी त्यांना उठू दिलं नाही. त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "नाना, त्या दिवशी तुमच्याच पंगतीत बसून मला कळलं होतं की हे पाहुणे आहेत. कागद माझ्या मांडीखाली होता. मी तो काढला नाही, कारण माणसं मला हसतील याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी बैठकीत माझ्याकडे सांगायला एकही कारखाना नव्हता, म्हणून मी तुमचं नाव सांगितलं. तुमचा काटा जप्त झाला तेव्हा, तुम्ही सहकार्य करत नाही, असं मीच लिहिलं. नजरचूक नव्हती, नाना. मी सगळं बघून केलं. मला माफ करा."